तोफगोळा कोणाला विकायचा, हे नेमके कोण ठरवते?

भोसरी एमआयडीसीत वडिलांचा मशीनिंगचा कारखाना पुढे चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने हा प्रश्न विचारला आहे. त्याच्याकडे अलीकडे तोफगोळ्यांच्या रिकाम्या कवचांचे आणि फ्यूजच्या, म्हणजे गोळा केव्हा फुटावा हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या, धातूच्या भागांचे काम येऊ लागले आहे. भारताची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची होती आणि २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. ही वाढ पैशाच्या गरजेपोटी झाली की सुरक्षेच्या हिशेबाने, आणि जगात एवढी युद्धे पेटलेली असताना आपला माल कोणाच्या हाती पडावा हे कोण ठरवते, असे त्याला जाणून घ्यायचे आहे.

मी सव्वीस वर्षे पुणे, चाकण आणि भोसरी या पट्ट्यातील कारखान्यांच्या निर्यात परवान्यांचे काम पाहतो आहे. माझ्या अनुभवात, बाहेर विकलेच पाहिजे हा रेटा कारखान्याच्या हिशेबातून येतो आणि कोणाला विकायचे याची मर्यादा परराष्ट्र व संरक्षण मंत्रालये आखतात. हे दोन्ही विचार एका कागदावर एकत्र येतात. तो कागद म्हणजे खरेदीदाराने द्यायचा अंतिम वापराचा दाखला, आमच्या रोजच्या बोलण्यातला ‘ईयूसी’. माझी खरी काळजी या कागदाविषयीच आहे, पण तिथे पोहोचण्याआधी कारखान्याच्या दारातून आत जायला हवे.

१५५ मिलिमीटरचा तोफगोळा जवळून पाहिला म्हणजे या धंद्याचे अर्थकारण लवकर ध्यानात येते. भरलेल्या गोळ्याचे वजन साधारण ४३ किलो असते. पोलादाचा लालबुंद बिलेट, म्हणजे ठोकळा, दाबून पोकळ कवच तयार होते, मग त्याचे मशीनिंग आणि हीट ट्रीटमेंट होते, आणि तळाच्या बाजूला तांब्याची एक पट्टी घट्ट बसवली जाते. तोफेच्या नळीतील खाचांमध्ये हीच पट्टी अडकते आणि गोळ्याला फिरकी देते. त्या पट्टीत अगदी थोडी चूक झाली तरी गोळा नेमका जात नाही, म्हणून प्रत्येक नगाला गेज, म्हणजे मापाचे साधन, लावून पाहावे लागते. या कामाचे प्रेस, भट्ट्या, गेज आणि हात बसलेले कामगार दुसऱ्या कामाला सहजासहजी वळवता येत नाहीत. महिन्याला हजार कवचे काढली किंवा शंभर काढली, तरी भट्टीचा, विजेच्या जोडभाराचा आणि कर्जाच्या हप्त्याचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे लाइन रिकामी राहिली की प्रत्येक नगाची किंमत चढते, आणि ती चढलेली किंमत अखेर आपल्याच सैन्याला मोजावी लागते.

एकट्या देशी सैन्याच्या मागणीवर ही लाइन सलग चालत नाही. सैन्याची खरेदी वर्षानुवर्षे चाचण्यांत अडकते आणि मग एकदम येते. पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या प्रयोगशाळेने भारत फोर्ज आणि टाटा यांच्यासोबत विकसित केलेली एटॅग्ज तोफ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत फोर्ज ज्यात आहे त्या कल्याणी समूहाच्या कंपनीने १५ कोटी ५५ लाख डॉलरच्या तोफांची निर्यात ऑर्डर मिळाल्याचे जाहीर केले. खरेदीदार देशाचे नाव सांगितले नाही, तो संघर्षक्षेत्रातील देश नाही एवढेच सांगितले. आपल्या सैन्याने ३०७ एटॅग्ज तोफांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार केले ते मार्च २०२५ मध्ये. मधली सव्वादोन-अडीच वर्षे कामगार आणि पुरवठादार टिकवून धरायचे, तर बाहेरची ऑर्डर ही चैन उरत नाही. ज्या देशात स्वतःच्या सैन्याची ऑर्डर दुसऱ्या देशाच्या ऑर्डरनंतर येते, तिथे निर्यात धोरणावर कारखान्याचे वजन पडणारच, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण मला दिसत नाही.

सरकारी कारखान्यांवरही हाच ताण आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतील दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया आपल्या खडकीत बसते आणि यंत्र इंडिया नागपुरात. पूर्वी या कारखान्यांचा खर्च अंदाजपत्रकातून निघत असे, आता त्यांना ताळेबंद दाखवावा लागतो. भंडारा, वरणगाव, चंद्रपूर, अंबाझरी, खडकी या वस्त्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या निर्माणीत काम करणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या पगाराचा प्रश्न या धोरणाशी थेट जोडलेला आहे. परवान्यांचे नियम सैल करा, अशी मागणी दिल्लीत जाते तेव्हा तिच्यामागे हे सगळे असते.

याची दुसरी बाजू सुरक्षेची आहे आणि तीही तितकीच खरी आहे. २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांनी संसदेला सांगितले होते की सैन्याच्या दारूगोळ्याच्या सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नाही. त्यानंतर परिस्थिती सुधारली, परंतु युक्रेनच्या युद्धाने सर्वांनाच दाखवून दिले की शांततेच्या काळातील अंदाज तोफा धडाडू लागल्यावर टिकत नाहीत. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले आणि मुदतीत त्याच्या निम्म्याच्या आसपासच मजल मारली. अशा वेळी बाहेरून चढा भाव मिळतो आणि घरातला कोठार भरायचा असतो. घरचा कोठार आधी, हा नियम कागदावर सोपा वाटतो. तथापि, निर्यातीच्या ऑर्डरमुळेच जी दुसरी भट्टी उभी राहिली, ती संकटकाळी आपल्याही कामी येते. त्यामुळे निर्यात घटवल्याने साठा वाढेलच, असे सरळ गणित मांडता येत नाही. करारात स्वतःच्या सैन्याचा प्राधान्यहक्क स्पष्ट लिहून ठेवणे आणि गरज पडल्यास परदेशी ग्राहकाला विलंब सोसावा लागेल हे त्याला आधीच सांगणे, हा मला त्यातला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

आता २३,६२२ कोटींच्या आकड्याकडे थोडे बारकाईने पाहू, कारण वर्तमानपत्रात तो वाचताना डोळ्यांसमोर क्षेपणास्त्रे आणि तोफा येतात. त्यांतील १५,२३३ कोटी रुपये खासगी कंपन्यांचे आणि ८,३८९ कोटी सरकारी कंपन्यांचे आहेत. खासगी कंपन्यांच्या निर्यातीत सुट्या भागांचा वाटा फार मोठा आहे. हैदराबादेत टाटांच्या कारखान्यांत अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे आणि सी-१३० विमानाच्या शेपटीचे भाग तयार होऊन अमेरिकी कंपन्यांकडे जातात. निर्यातीच्या प्रमुख ठिकाणांत अमेरिका आणि फ्रान्स यांची नावे येतात, ती मुख्यतः यामुळे. त्याचे मूळ २००५ पासून आपल्या खरेदीत आलेल्या ऑफसेटच्या अटीत आहे. आपण मोठी खरेदी करायची आणि विक्रेत्याने कराराच्या किमतीचा ठरावीक भाग, सुरुवातीला किमान ३० टक्के, भारतातून खरेदी करून किंवा गुंतवून परत आणायचा, अशी ती अट. म्हणजे या निर्यातीचा एक हिस्सा आपल्या आयातीच्या पोटातून जन्मला आहे. तो वाईट नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी कारखान्यांनी त्या कामातून विमानाच्या दर्जाचे मशीनिंग आत्मसात केले. पण अपाचीचा सांगाडा विकताना आपण कोणाची बाजू घेत नसतो. अर्मेनियाला पिनाका रॉकेट विकताना घेत असतो. एकाच बेरजेत दोन्ही घातले की धोरणाविषयी बोलणेच अवघड होते. २०२९ पर्यंत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि त्यासाठी सर्वांची धावपळ चालली आहे, परंतु त्यातले किती कोटी सुट्या भागांचे आणि किती पुऱ्या शस्त्रांचे असावेत, असे दोन वेगळे स्तंभ मांडले गेले, तर धोरण आखणाऱ्यांनाही आपण कुठे उभे आहोत ते कळेल.

परवान्याच्या यंत्रणेत गेल्या दहा-बारा वर्षांत आर्थिक रेट्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. जून २०१४ मध्ये बहुतेक सुटे भाग, कास्टिंग आणि फोर्जिंग यांना संरक्षण उत्पादनाच्या औद्योगिक परवान्यातून मोकळीक मिळाली आणि त्याच वर्षी निर्यातीचे स्वतंत्र धोरणही आले. जून २०१६ मध्ये भारत क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटाचा, डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेचा आणि जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटाचा सदस्य झाला. शस्त्रे आणि संवेदनशील तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांचे हे गट. त्याबरोबर आपली ‘स्कोमेट’ यादी, म्हणजे विशेष रसायने, जीव, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांची नियंत्रित यादी, आंतरराष्ट्रीय याद्यांशी जुळवून घेण्यात आली. तिचा सहावा गट युद्धसाहित्याचा. तो बरीच वर्षे रिकामाच होता आणि २०१७ मध्ये भरला गेला. या गटाचे परवाने संरक्षण उत्पादन विभाग देतो आणि इतर बहुतेक गटांचे परवाने डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, देते. २०१९ पासून निवडक मित्रदेशांना सुटे भाग पाठवण्यासाठी खुला सर्वसाधारण परवाना मिळू लागला, त्यामुळे प्रत्येक खेपेला नव्याने अर्ज करण्याची गरज उरली नाही. ज्यांनी पूर्वी एका साध्या ब्रॅकेटसाठी आठ-आठ महिने दिल्लीच्या खेपा घातल्या आहेत, त्यांनाच या बदलाची खरी किंमत कळेल. २०२४-२५ मध्ये १,७६२ निर्यात परवानग्या दिल्या गेल्या, आदल्या वर्षी त्या १,५०७ होत्या. हा वेग मला मनापासून हवासा वाटतो. माझे म्हणणे एवढेच की परवाना देण्याचा वेग ज्या प्रमाणात वाढला, त्या प्रमाणात माल पोहोचल्यानंतर बघण्याची क्षमता वाढलेली दिसत नाही.

सुरक्षेच्या बाजूने पाहिले तर कोणाला द्यायचे, हा निर्णय प्रामुख्याने चीन आणि पाकिस्तान या दोन शेजाऱ्यांकडे बघून होतो. २८ जानेवारी २०२२ रोजी फिलिपिन्सने सुमारे ३७.५ कोटी डॉलरला किनाऱ्यावरून डागायच्या ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप मनिलाला पोहोचली. दक्षिण चीन समुद्रात ज्या देशाची चीनशी रोजची कुरबुर आहे, त्याच्या नौसैनिकांच्या हाती जहाजविरोधी क्षेपणास्त्र देणे हा मुळात राजकीय निर्णय होता. पैसा महत्त्वाचा होता, पण दुय्यम. अर्मेनियाची गोष्ट थोडी निराळी आहे. २०२० च्या युद्धात अझरबैजानने तुर्की आणि इस्रायली शस्त्रांच्या जोरावर अर्मेनियाला मागे रेटले आणि ज्या रशियावर अर्मेनियाची भिस्त होती, त्याच्याकडून पुरवठा होईना. पाकिस्तान अझरबैजानच्या बाजूने उघड उभा होता. शत्रूच्या तोफा हुडकणाऱ्या भारतीय स्वाती रडारचा करार युद्धाआधीच झाला होता, आणि युद्धानंतर पिनाका रॉकेट प्रणालीही अर्मेनियाला मिळाली. पिनाकाही पाषाणच्याच प्रयोगशाळेची रचना आहे. अझरबैजानने २०२३ मध्ये भारतीय राजदूतांकडे याविषयी नाराजी नोंदवली, आणि ती ऐकून घ्यावी लागली, कारण शस्त्र विकणारा देश कोणाचा ना कोणाचा रोष पदरात घेतोच.

जवळच्या शेजारात मात्र आपण उलटे वागत आलो आहोत, आणि त्याची किंमतही मोजली आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये नेपाळचे राजे ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त करून सत्ता हाती घेतली, तेव्हा भारताने घातक शस्त्रांचा पुरवठा थांबवला. तत्त्व म्हणून ते योग्यच होते असे मी आजही मानतो. पण वर्ष संपायच्या आत चीनचे शस्त्रांचे ट्रक नेपाळमध्ये पोहोचले. श्रीलंकेच्या यादवी युद्धात तमिळनाडूतील भावना लक्षात घेऊन आपण गस्ती जहाजे आणि रडार दिले, तोफा-बंदुका दिल्या नाहीत, आणि ती जागा पाकिस्तान व चीनने भरली. युद्ध संपल्यानंतर गोवा शिपयार्डने वास्कोत श्रीलंकेच्या नौदलासाठी दोन मोठी गस्ती जहाजे बांधली. त्यांतले ‘सयुराला’ २०१७ मध्ये त्यांच्या सेवेत दाखल झाले. कोणत्या देशाला काय द्यायचे याबरोबरच, आपण नाही दिले तर कोण देईल, हा प्रश्न परवान्याच्या बैठकीत नेहमी असतो. तो प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो ढाल म्हणून वापरला जाऊ लागला की कोणतीही विक्री योग्य ठरवता येते, हेही मी अनेकदा पाहिले आहे.

निर्णय आपल्या एकट्याच्या हातात असतो, असेही नाही. ब्रह्मोसच्या कंपनीत ५०.५ टक्के हिस्सा डीआरडीओचा आणि ४९.५ टक्के रशियन संस्थेचा आहे, म्हणून प्रत्येक विक्रीला मॉस्कोची संमती लागते. त्यात क्षेपणास्त्र नियंत्रण गटाची मर्यादा आहे: ३०० किलोमीटर पल्ला आणि ५०० किलो भार यांच्या पलीकडची प्रणाली सहसा विकायची नाही. म्हणून निर्यातीच्या ब्रह्मोसचा पल्ला २९० किलोमीटर. तेजस विमानाचे इंजिन अमेरिकेचे आहे. अर्जेंटिनाने त्यात रस दाखवला, तेव्हा ब्रिटनशी झालेल्या फॉकलंड युद्धाच्या जुन्या जखमेमुळे त्यातील ब्रिटिश भागांची अडचण पुढे आली. हा अनुभव काही आपल्यापुरता नाही. २०१८ मध्ये सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांच्या हत्येनंतर जर्मनीने सौदी अरेबियाचा पुरवठा रोखला, तेव्हा ब्रिटनचा सौदीशी होणारा युरोफायटर विमानांचा सौदाही अडला, कारण त्या विमानात जर्मन भाग आहेत. तो अडथळा जानेवारी २०२४ मध्ये दूर झाला. सुटा भाग बनवणाऱ्या देशालाही नकाराधिकार असतो, ही गोष्ट आपल्या भोसरीच्या वाचकांनी लक्षात ठेवावी. आज आपण तो दुसऱ्यांकडून सोसतो. उद्या तो आपल्याकडेही असेल, आणि तो कधी वापरायचा याचा विचार आजपासून करावा लागेल.

विक्रीनंतरची सेवा हा विषय आर्थिक आहे असे वाटते, पण त्यातच देशाची पत गुंतलेली असते. इक्वेडोरने २००८ च्या सुमारास भारतात बनलेली सात ध्रुव हेलिकॉप्टर घेतली. त्यांतील चार पडली, सुट्या भागांच्या तक्रारी झाल्या आणि २०१५ मध्ये त्या देशाने करारच रद्द केला. दोन अपघात वैमानिकांच्या चुकीने झाले, असे तपासात आले, तरी तोवर लॅटिन अमेरिकेतील त्या हेलिकॉप्टरची बाजारपेठ जवळजवळ संपली होती. स्वस्त किंमत लावून ऑर्डर मिळवायची आणि पंचवीस वर्षांच्या सुट्या भागांची तजवीज नंतर बघू म्हणायचे, ही सवय आपल्याला महागात पडली आहे.

आता त्या कागदाकडे येऊ. अंतिम वापराच्या दाखल्यात खरेदीदार लिहून देतो की हा माल अमुक सैन्यासाठी आहे, भारताच्या संमतीशिवाय तो पुढे कोणाला दिला जाणार नाही, आणि ठरलेल्या कामाखेरीज वापरला जाणार नाही. सारा परवाना या वचनावर उभा असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने बातमी दिली की भारतीय कंपन्यांनी युरोपातील ग्राहकांना विकलेले तोफगोळे युक्रेनकडे वळवले गेले आणि रशियाने हरकत घेऊनही हा व्यापार थांबला नाही. परराष्ट्र मंत्रालयाने ही बातमी तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी असल्याचे सांगितले. त्या वादात मी पडत नाही. परंतु धातूचे रिकामे कवच एका देशात भरले जाते, फ्यूज दुसऱ्या देशात बसतो आणि तयार गोळा तिसरीकडे जातो, ही या धंद्याची रोजची रीत आहे. अशा मालात भोसरीहून निघालेले कवच शेवटी कुठे फुटले, हे नुसत्या दाखल्यावरून सांगता येत नाही.

म्यानमारचा प्रश्न याहून कठीण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या मे २०२३ च्या अहवालात, त्यानंतर त्या लष्कराला मिळालेल्या साहित्यापैकी ५.१ कोटी डॉलरचे साहित्य भारतातून गेल्याची नोंद आहे. रशिया, चीन आणि सिंगापूर यांचे आकडे त्याच्या कितीतरी पट आहेत. ईशान्य सीमेवरील बंडखोरांविरुद्ध त्या लष्कराचे सहकार्य लागते, हा दिल्लीचा युक्तिवाद मी समजू शकतो. तरीही स्वतःच्या गावांवर बॉम्ब टाकणाऱ्या लष्कराने दिलेल्या दाखल्याला काय अर्थ उरतो, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तिथे अंतिम वापर काय होणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असते.

हा कागद फसतो तेव्हा काय होते, याचा धडा जर्मनीने घेतला आहे. २००६ ते २००९ या काळात हेकलर अँड कोख कंपनीच्या हजारो रायफली मेक्सिकोला गेल्या. काही राज्यांना त्या द्यायच्या नाहीत असे दाखल्यात होते, तरी त्या गेरेरो राज्याच्या पोलिसांपर्यंत पोहोचल्या. २०१४ मध्ये इग्वाला गावातून ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले, तेव्हा तिथल्या पोलिसांजवळ याच रायफली सापडल्या. २०१९ मध्ये स्टुटगार्टच्या न्यायालयाने दोन माजी कर्मचाऱ्यांना दोषी ठरवले आणि कंपनीला ३७ लाख युरोंचा भुर्दंड बसवला. दरम्यान, पाठवलेल्या शस्त्रांची खरेदीदार देशात जाऊन तपासणी करण्याची पद्धत जर्मनीने सुरू केली. अमेरिकेत ‘ब्लू लँटर्न’ आणि ‘गोल्डन सेंट्री’ या नावांनी अशी तपासणी कित्येक वर्षांपासून चालते.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लहान कारखान्याला पश्चिम आशियातील दलालामार्फत अॅल्युमिनियमच्या फ्यूज-बॉडीची चांगली मोठी ऑर्डर आली. मालकाने नुकतेच दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे, मशीन कर्जावर घेतले होते आणि हप्ता चुकायच्या बेतात होता. ईयूसी आला, त्यावर शिक्का होता, सही होती, संरक्षण मंत्रालयाचे नाव होते. पण लेटरहेडवरच्या फोन नंबरचा देश-क्रमांक त्या मंत्रालयाच्या देशाचा नव्हता, आणि शिपिंगच्या सूचनांमध्ये माल उतरवायचे बंदर तिसऱ्याच देशातले होते. विचारणा केली तेव्हा दलालाने तासाभरात नवा, दुरुस्त दाखला पाठवला. कोणतेही मंत्रालय तासाभरात सही देत नाही. मी मालकाला अर्ज करू नका म्हणालो. आम्ही दोघे त्याच्या केबिनमध्ये बराच वेळ गप्प बसलो होतो आणि बाहेर ती नवी मशीन प्लॅस्टिकच्या आवरणात उभी होती. त्याने ऑर्डर सोडली. पुढे एक मशीन त्याला विकावे लागले. त्या माणसाने देशासाठी जे केले त्याची नोंद कुठेही नाही, आणि त्याच्यासारख्यांचा भार हलका करायचा तर दाखल्याची खातरजमा करण्याचे काम आमच्यासारख्यांच्या नजरेवर न सोडता दूतावासांनी करायला हवे, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते. त्यासाठी प्रत्येक मोठ्या दूतावासात संरक्षण अताशेबरोबर, म्हणजे तिथल्या लष्करी प्रतिनिधीबरोबर, या कामासाठी एकच प्रशिक्षित अधिकारी दिला तरी फार फरक पडेल. निर्यातीच्या पसाऱ्यापुढे हा खर्च नगण्य आहे.

संसदेचा आणि न्यायालयाचा या सगळ्यात काय वाटा आहे, हेही विचारायला हवे. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करारावर मतदान झाले, तेव्हा भारत तटस्थ राहिला. करार निर्यातदार देशांच्या बाजूने झुकलेला आहे आणि दहशतवादी गटांच्या हाती जाणाऱ्या शस्त्रांवर त्यात पुरेसा जोर नाही, असे आपले म्हणणे होते. तेव्हा आपण जवळजवळ निव्वळ आयातदार होतो आणि ते म्हणणे आयातदाराचे होते. आज आपण विकणारेही आहोत, म्हणून ती भूमिका पुन्हा तपासायची वेळ आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला होणाऱ्या निर्यातीचे परवाने रद्द करावेत, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. हा परराष्ट्र धोरणाचा विषय असून न्यायालय त्यात शिरू शकत नाही, असे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने म्हटले. न्यायालयाची मर्यादा मला मान्य आहे. पण मग ही विचारणा कोणीतरी करायला हवी, आणि ती जागा संसदेची आहे. आज संसदेत प्रश्न विचारला तर सामरिक संवेदनशीलतेचे कारण देऊन देशांची नावे सांगितली जात नाहीत. जर्मनी १९९९ या वर्षापासून देशनिहाय निर्यात अहवाल काढते, अमेरिकेत ठरावीक रकमेवरचे सौदे काँग्रेसला कळवावे लागतात, आणि तरीही दोघांचा व्यापार बुडालेला नाही. निर्यात हे राष्ट्राचे यश म्हणून मिरवायचे आणि कोणाला विकले ते सांगायचे नाही, म्हणजे ताकाला जाऊन भांडे लपवण्यासारखे आहे. अगदीच जाहीर करता येत नसेल, तर संरक्षणविषयक स्थायी समितीला बंद दाराआड तरी दरवर्षी पूर्ण यादी मिळावी.

प्रश्न विचारणाऱ्या मित्राला आता थेट सांगतो. आपण देशातल्याच मोठ्या कंपनीला माल देत असाल, तर निर्यात परवान्याची जबाबदारी तिची असते. तरीही कवच किंवा फ्यूजचे ड्रॉइंग हाती आले की ते स्कोमेटच्या सहाव्या गटात बसते का, हे तिच्याकडून लेखी घ्या. ड्रॉइंगची फाइल परदेशी ग्राहकाला ईमेलने पाठवणे हीसुद्धा तंत्रज्ञानाची निर्यात धरली जाते. यात चांगले चांगले लोक अजाणता अडकले आहेत. थेट बाहेरची चौकशी आली तर ऑर्डर देणारा, पैसे पाठवणारा, माल उतरवून घेणारा आणि प्रत्यक्ष वापरणारा हे चौघे कोण आहेत ते एका कागदावर मांडा. चौघांचे देश वेगळे निघाले तर मशीनवर जॉब चढवण्याआधी विचारा, आणि उत्तर किती वेळात व कोणाच्या सहीने येते ते बघा. असे विचारल्याने काही ग्राहक रागावतील. माझ्या पाहण्यात खरे ग्राहक आठ-पंधरा दिवसांत नीट कागद घेऊन परत आले आहेत.